साडेतीन पोती

आमच्या सांगलीच्या घरात एकाच खिळ्याला दोन पंचांगं लटकतात. वरचं दाते पंचांग, बाबांच्या घरातलं. खालचं टिळक पंचांग, आईबरोबर रत्नागिरीहून आलेलं. त्यामुळे आई संक्रांत दोनदा करते. एक दहा जानेवारीला, माहेरची, मूठभर तिळांची. दुसरी चौदाला, सगळ्या आळीबरोबर. लहानपणी यात तक्रार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. तिळगूळ दोनदा मिळत होता.

भानगड नेमकी काय, हे आईनेच समजावलं. ती गणिताची शिक्षिका, त्यामुळे भाकरी थापता थापता परातीतल्या पिठातच राशिचक्र काढलं. चक्राचा आरंभ कुठे धरायचा, एवढाच वाद. टिळक पंचांग रेवतीतल्या एका ताऱ्यापासून मोजतं, दाते चित्रेच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून. दोहोंत अंतर चारेक अंशांचं. सूर्य दिवसाला साधारण अंशभर सरकतो, म्हणून संक्रांत चार दिवस अलीकडे. पण अधिक महिना कुठला, हे संक्रांतींवरून ठरतं, आणि सण कुठल्या महिन्यात पडणार हे अधिक महिन्यावरून. तळाशी चार अंश हलले की एखाद्या वर्षी गणपती चक्क महिनाभर हलतो. मामाकडे आरत्या चालू असायच्या आणि आमच्याकडे अजून मखराचा पत्ता नसायचा. पंचांगशुद्धीसाठी ज्योतिषांचं संमेलन १९२० साली आमच्या सांगलीतच भरलं होतं, हे आई अभिमानाने सांगते. त्यानंतरही खिळ्याला पंचांगं दोनच राहिली, हे सांगत नाही.

माझ्या लॅपटॉपवर हाच संसार आहे, फक्त पंचांगं पाच. परवा मोजली. पायथन या संगणकाच्या भाषेच्या आवृत्त्या: २.७, ३.८, ३.९, ३.११ आणि ३.१२. आईने यादी बघितली आणि विचारलं, "३.९ नंतर ३.११? मागे कसा गेलास?" तिच्या मते ३.११ हे ३.९ पेक्षा लहान, आणि दशांश अपूर्णांक म्हणून तिचं बरोबरच आहे. ही संख्या नव्हे, प्रकरण तीन, पाठ अकरावा असं वाच, म्हटल्यावर तिने मान डोलावली. पटलेलं मात्र नव्हतं.

पाच कशाला, तर प्रत्येक कामाचं पायथन वेगळं. एका प्रकल्पाला अमुक पॅकेज, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड, हवं, त्या पॅकेजला दुसरं हवं, दुसऱ्याला तिसरं, आणि ते तिसरं ठरावीक आवृत्तीच्या पुढे चालत नाही. ३.१२ मध्ये तर डिस्टयुटिल्स नावाचा जुना सामानसुमान बांधणारा भागच काढून टाकला. त्याच्या भरवशावर बसलेली कितीतरी जुनी पॅकेजं एका रात्रीत उघड्यावर आली. तळाशी चार अंश, वर महिना.

आणि २.७? ते काकांचं.

काकांचं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान. २०१३ साली, इंजिनिअरिंगच्या सुट्टीत, मी त्यांना शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांचा कागद, आणि हमालांचा हिशेब करणारा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. पायथन ३ तेव्हा पाच वर्षांचं होतं, डिसेंबर २००८ चं. पण शिकायला हाताशी जे होतं ते सगळं २ चं, म्हणून मीही २ मध्येच लिहिलं. जगानेही तेच केलं असणार, कारण २ चा सांभाळ २०१५ ला थांबवायचा ठरवून शेवटी १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावा लागला. अकरा वर्षं दोन्ही एकाच खिळ्याला.

मग एका फेब्रुवारीत, नव्या हळदीचे सौदे निघायच्या तोंडावर, मला सुरसुरी आली आणि मी तो प्रोग्रॅम ३ वर नेला. दुपारी काकांचा फोन.

"अरे, हमालांच्या हिशेबात साडेतीन पोती आल्यात. अर्धं पोतं कोण उचलणार, तू?"

पायथन २ मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच यायचं. सात भागिले दोन बरोबर तीन. पायथन ३ म्हणतं साडेतीन. भागाकाराच्या एका तिरक्या रेघेऐवजी दोन टाकल्या की परत तीन मिळतात, तशा टाकल्या. संध्याकाळी दुसरा फोन. पट्टीत अडीच रुपयांचे दोन झाले होते आणि साडेतीनचे चार. हीसुद्धा ३ ची रीत. बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा ते जवळच्या सम संख्येकडे ढकलतं, म्हणजे हजारो आकड्यांच्या बेरजेत एकाच बाजूला कल राहत नाही. संख्याशास्त्राला हे शोभतं. दिवाणजींना नाही. "अडीचचे तीन व्हतात, हे शाळेत न गेलेल्याला पण कळतंय," एवढं बोलून त्यांनी वही पुढ्यात ओढली. मोसम तोंडावर होता. मी गुपचूप २.७ परत आणलं.

परत आणलं खरं, पण घाईत. एकाच मशीनवर दोन्ही नांदवायचं शास्त्र मला ठाऊक नव्हतं, आणि ते यायच्या आधी एकदा घर जाळून बघावं लागतं. मी ते रीतसर केलं. माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ ही संगणकप्रणाली, त्यात मुळातलं पायथन ३.८. मला ३.९ हवं होतं, म्हणून ते टाकलं आणि 'पायथन३' या नावाची पाटी ३.८ वरून काढून त्याच्यावर लावली. सकाळी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडेना. चिन्हावर टिचक्या मारतोय, काही नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर उतरलो तेव्हा उलगडलं. टर्मिनलची खिडकी उघडणारी कळच पायथनमध्ये लिहिलेली, आणि ती घरच्या ३.८ ला हाक मारत होती. ओ दिली नवख्या ३.९ ने, त्याला घरातलं काही माहीत नाही. नवं पॅकेज टाकायची सोयही तशीच अडखळायला लागली. चूक पूर्ण माझीच. मशीनमधलं मूळ पायथन आपल्यासाठी नसतंच, ते मशीनच्या स्वतःच्या कामासाठी असतं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये, हे घरात चाळीस वेळा ऐकलेल्या माणसाने हे करावं?

माझ्यासारखे बरेच असावेत. २०२३ पासून डेबियन आणि उबुंटू या प्रणाली मूळ पायथनमध्ये पॅकेज टाकूच देत नाहीत. अगदीच हट्ट असेल तर आज्ञेपुढे जे शेपूट जोडावं लागतं त्याचा अर्थ सरळसरळ 'सिस्टिम मोडा' असा आहे. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कशाचं पाहिलेलं नाही.

त्या रविवारी काकांबरोबर सांगलीजवळच्या हरिपूरला गेलो होतो, कृष्णा-वारणेच्या संगमावर. माझं तोंड बघून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. "मग पेव कर की," ते म्हणाले. ते हळदीच्या पेवाबद्दल बोलत होते. हरिपूरची माती अशी की जमिनीत खड्डा करून हळद साठवता यायची. वर अरुंद तोंड, आत पोट मोठं. बुडाशी आणि कडेने पाला लावायचा, हळद भरायची, तोंड मातीने बुजवायचं, मग वर्षानुवर्षं बघायला नको. ह्याच्या पेवाचा त्याच्या पेवाशी संबंध नाही. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. कंदील सोडून बघायचा, तो तगला तर माणूस.

असल्या वेगळ्या कोपऱ्याला पायथनवाले व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. त्याला आभासी पर्यावरण हा शब्द कुणी काढला माहीत नाही, ऐकून वृक्षारोपणाची आठवण होते. मी तेव्हापासून पेवच म्हणतो. पायथनमध्ये ती सोय २०१२ पासून, ३.३ बरोबर आलेली, घरातच होती. प्रत्येक प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये एक पेव, त्यात त्याची त्याची पॅकेजं. आत शिरायची आज्ञा दिली की होतं एवढंच: हाक मारल्यावर मशीन ज्या क्रमाने दारं ठोठावतं, त्या यादीत हे दार सगळ्यात वर जातं. मार्केट यार्डात "ओ पाटील" म्हटलं तर दहा जण वळतात. मशीन पहिल्याने ओ दिली की पुढे बघतच नाही.

पेव उचलून दुसरीकडे नेता येत नाही, हेही जुळलं. त्याच्या आत स्वतःचा संपूर्ण पत्ता लिहिलेला असतो. फोल्डर हलवला की ते जुन्या पत्त्यावर स्वतःलाच शोधत बसतं. म्हणून पेव जपायचं नाही, त्यात काय भरलं होतं त्याची यादी जपायची, आवृत्त्यांच्या आकड्यांसकट. मागच्या वर्षी माझी डिस्क गेली तेव्हा त्या यादीवरून चहा निवायच्या आत सगळं पुन्हा उभं राहिलं. कौतुकाने काकांना सांगायला गेलो. ते बराच वेळ बोलले नाहीत. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी हरिपूरच्या पेवांत शिरलं होतं. "हळद यादीवरनं परत येत न्हाई बाबा," म्हणाले.

आता २.७ सुद्धा स्वतंत्र कोपऱ्यात, इंटरनेटपासून तोडून ठेवलंय आणि पट्टी अजून त्यावरच निघते. यंदा सहज म्हणून जुना प्रोग्रॅम वाचत बसलो. सात पोती, दोन हमाल, प्रत्येकी तीन. मग सातवं? आकडा विषम असला की दर खेपेला एका पोत्याची हमाली हिशेबातून गळत होती, दहा-अकरा वर्षं. साडेतीनच खरं होतं. कानशिलं तापली. तसाच दुकानात गेलो आणि सगळ्यात जुन्या हमालमामांना, चाचरत, सांगितलं.

"गळतंय कुठलं?" ते पोत्यावर बसल्या बसल्या म्हणाले. "त्या एका पोत्याचा च्या आन् भडंग मालक रोज देत्यातच की. तुझ्या मशीनला बोलला न्हाईस काय?"