राणी-खानापारा दौरा: डुकरांचा ताप शिकायला जाणाऱ्यांसाठी

आसामात वराहज्वराचं काम बघायला जाणार असाल तर आधी क्रम ठरवा: पहिल्यांदा प्रयोगशाळा, मग निरोगी कळप, आणि लागण झालेली वाडी अगदी शेवटी, तीही सरकारी पशुवैद्यकाच्या सोबतीनंच. तिथून आल्यावर निदान दोन दिवस डुकराजवळ फिरकायचं नाही.

गुवाहाटीजवळच्या राणीचं राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र विमानतळाकडून सोयीचं पडतं. खानापाऱ्याची रोगनिदान प्रयोगशाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, गुवाहाटीची वाहतूक दम काढते. परवानगीचं पत्र आधीच पाठवा.

आफ्रिकन स्वाइन फीव्हर भारतात पहिल्यांदा सापडला तो 2020 साली, आसाम-अरुणाचलात. शिक्कामोर्तब भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेनं केलं. सडकून ताप, लालजांभळे कान, पटापट मरतूक. जुना क्लासिकल स्वाइन फीव्हरही नेमका असाच दिसतो. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन वाटा होतात. आफ्रिकन विषाणू डीएनएचा, त्याची सरळ रिअल-टाइम पीसीआर (विषाणूचा जनुकीय तुकडा चक्रागणिक वाढवत मोजणारी चाचणी), बहुधा पी72 प्रथिनाच्या जनुकावर. क्लासिकलचा आरएनए, तो आधी सीडीएनएत, म्हणजे डीएनए प्रतीत, उतरवावा लागतो. यंत्राच्या पडद्यावरची रेघ वीस-बावीस चक्रांतच उसळली की नमुन्यात विषाणू खच्चून भरलाय हे कळतं. पस्तिशीच्या पुढे उठली तर चाचणी पुन्हा लावायची.

यंत्रापेक्षा नमुन्याकडे लक्ष द्या, असं माझं मत. रक्त जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत घ्यायचं, म्हणजे ते गोठत नाही; हेपॅरिनही गोठू देत नाही, पण ते पीसीआरमध्ये खोडा घालतं. मेलेल्या जनावराची प्लीहा, लसिकाग्रंथी, टॉन्सिल बर्फावर, तीन पदरी वेष्टनात. आपल्याकडे नमुन्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहायचाही कंटाळा!

क्लासिकलला लस आहे, ती डुकरांना टोचून घ्यावी. आफ्रिकनला आपल्याकडे लस नाही. लागण ठरली की एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारून पुरायची, दहा किलोमीटरपर्यंत पाळत. राभा जमातीच्या वाडीतल्या एका बाईंनी फाटकाशी चुन्याचा ट्रे ठेवला होता, हॉटेलचं खरकटं अर्धा तास उकळल्याशिवाय घालत नव्हत्या. दलालाला त्या फाटकाबाहेरच उभं करतात. मला हा उपाय सगळ्यांत पटला.

गमबूट तिथंच विकत घ्या, तिथंच सोडा. बांबूच्या कोंबातलं डुकराचं मटण हॉटेलात पोटभर खा, माणसाला या विषाणूचा धोका नाही. पण धुरावलेलं मांस बॅगेत घालून गोव्या-सिंधुदुर्गाकडे आणू नका. नीट न शिजलेल्या मांसात तो महिनोन्‌महिने टिकतो.