सायबाच्या वाटेवर

बांदा, पत्रादेवी, धारगळ ही गावं कधी मागे पडली ते आज मला नीट सांगता येणार नाही. सावंतवाडीहून पहाटे आशीर्वाद घेऊन निघालो. पुढे क्रूस, मध्ये रोझरी म्हणणाऱ्या बायका, शेवटी सामानाचा टेम्पो. नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू झाली होती आणि ३ डिसेंबरच्या फेस्ताआधी, सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाआधी, जुन्या गोव्याला पोचायचं होतं. थंडी पहाटेपुरतीच. दहानंतर महामार्गाचं डांबर तळवे भाजायला लागतं आणि शेजारून जाणारा प्रत्येक ट्रक अंगावर धूळ उडवून जातो.

टेम्पोवर स्पीकर होता. सायबाचं तेच ते गीत पुन्हा पुन्हा लागायचं आणि आमचं ‘नमो मरिया’ त्यात बुडून जायचं. मला राग येत होता. रोझरीतली दुःखाची रहस्यं, म्हणजे प्रभूच्या यातनांचं ध्यान, चाललं होतं, प्रभू गेथशेमानीच्या बागेत घाम गाळत होता, आणि मी मनातल्या मनात ड्रायव्हरशी भांडत होते. रहस्य बदललं तरी भांडण मिटेना.

गटात नव्याने ख्रिस्ती झालेली मी एकटीच. बाकीचे सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे. अशी माणसं नव्याने आलेल्याकडे फार आशेने बघतात. एक काका होते, पाण्याची बाटली आधी दुसऱ्यापुढे करणारे. ते दर थांब्यावर विचारायचे, “मुली, साक्ष सांग ना. तुला प्रभू नेमका कधी भेटला?” त्यांना दमास्कसचा रस्ता हवा होता. प्रकाश, आवाज, घोड्यावरून खाली पडलेला शौल, पुढचा संत पौल. घोडा बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत नाहीच, तो चित्रकारांनी आणला. जे आहे त्याकडे मात्र कोणी फारसं बघत नाही. तीन दिवस त्याला दिसत नव्हतं, त्याने काही खाल्लं-प्यायलं नाही, सोबत्यांनी हाताला धरून त्याला शहरात नेलं. आणि हनन्या, त्या शहरातला शिष्य, ज्याला त्याची भीती वाटत होती, तरी गेला आणि त्याला भाऊ म्हणाला.

माझ्याकडे प्रकाश नव्हता. मैत्रिणीबरोबर चर्चला जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे, असं काही वर्षं चाललं. मग झावळ्यांच्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातलं दुःखसहन वाचत होते. शिष्य पेत्र प्रभूची ओळख तिसऱ्यांदा नाकारतो, कोंबडा आरवतो, आणि प्रभू वळून त्याच्याकडे बघतो. हे वळून बघणं एकट्या लूकने लिहिलं आहे. प्रभू बोलत नाही, दोष देत नाही, नुसता बघतो. घरी जाऊन तो उतारा मी पुन्हा वाचला. रडू आलं नाही. पण ती नजर माझ्यावरून हटली नाही. पुढे कितीतरी महिन्यांनी, ज्या माणसाचं नाव ऐकलं तरी माझे हात गार पडायचे त्याच्यासाठी मी एका सकाळी प्रार्थना केली, चहा गाळता गाळता, आणि ती अगदी आतून आली. माझ्यात काहीतरी बदललं आहे हे मला तेव्हा कळलं. मग धर्मशिक्षण, प्रश्न, फादरांशी वाद, आणि ईस्टरच्या जागरणाची रात्र: बाहेर पेटवलेला अग्नी, अंधारात आत शिरणारी मेणबत्ती, तांबड्या समुद्राचं वाचन, डोक्यावर तीनदा पाणी, तेल, पांढरं वस्त्र.

“धर्म बदलायचे किती मिळाले?” नातेवाइकांपैकी कुणीतरी हे विचारलंच. त्या प्रश्नाने अजूनही माझा घसा दाटतो.

कोलवाळचा पूल ओलांडला आणि डावी टाच पेटली. मोजा काढला तर अर्ध्या लिंबाएवढा फोड, तट्ट फुगलेला. गट पुढे चालला होता. “टेम्पोत बस,” म्हणाले. मला बसायचं नव्हतं. पूर्ण वाट पायी चालेन असं मी प्रभूला सांगून निघाले होते. लंगडत थोडी पुढे गेले आणि रस्त्याकडेच्या एका दुकानाच्या पायरीवर बसले. शिंप्याचं दुकान होतं. सत्तरीचे गृहस्थ मशीनवर, बाजूला शाळेच्या गणवेशांचा ढीग, भिंतीवर गणपती आणि त्याला ताजं जास्वंद. मी बसले तशी मशीन थांबली.

“बाय, भितर बस.”

त्यांनी पाय पाहिला, काही विचारलं नाही. सुई घेतली, मेणबत्ती पेटवून तिच्या ज्योतीवर धरली, पांढरा दोरा ओवला. मग स्टुलावर बसून स्वतःची मांडी दाखवली. “पांय हांगा दवर.” मला संकोच वाटला. पायावर सबंध महामार्ग बसलेला होता. त्यांनी वाट पाहिली नाही, टाच उचलून मांडीवर घेतली, आपल्या पिण्याच्या तांब्यातलं पाणी ओतून कापडाच्या तुकड्याने ती पुसली. बोटांच्या मधली मातीसुद्धा काढली. मग फोडाच्या एका कडेने सुई घातली आणि दुसऱ्या कडेने बाहेर काढली, दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवली. कातडं फाटत नाही, दोऱ्यावरून पाणी झिरपत राहतं. मला काही दुखलं नाही. मऊ अस्तराची चौपदरी घडी करून त्यांनी ती टाचेवर बांधली, गाठ सोडली, पुन्हा बांधली. मशीनवर एक बाही अर्धी शिवून पडली होती.

“सायबाक?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

“सायब सगळ्यांचो,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “तूं मुळची क्रिस्तांव?”

“नाही,” मी म्हणाले आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो प्रश्न मला सवयीचा होता, उत्तरं तयार होती, खांदे आपोआप ताठ झाले होते. त्यांनी फक्त गाठ पुन्हा ओढून पाहिली आणि चप्पल सैल बांधायला सांगितली. पैसे पुढे केले तेव्हा हात जोडले. मी रस्त्यावर येईपर्यंत मशीन पुन्हा चालू झाली होती.

पवित्र गुरुवारी धर्मगुरू पाय धुतात तेव्हा आम्ही पाय घरूनच स्वच्छ करून नेतो. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला लागला तेव्हा ‘माझे पाय तू कधीही धुणार नाहीस’ असं पेत्र का म्हणाला ते मला त्या दुकानात समजलं.

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, तिथल्या मरियामातेला, बाहेरूनच नमस्कार झाला. रात्री टाच ठणकत होती, झोप नव्हती, म्हणून सायबाचाच विचार करत पडले. आपल्याला तो १५४२ मध्ये गोव्यात उतरलेला, घंटा वाजवत रस्त्यांतून मुलांना गोळा करणारा माहीत आहे. मला पॅरिसमधला विद्यार्थी अधिक जवळचा वाटतो. नवाराच्या सरदार घराण्यातला, मानाची जागा मिळवायला निघालेला. खोलीत पीटर फाबर, आणि १५२९ मध्ये तिथेच राहायला आलेला लंगडणारा, वयाने मोठा इग्नेशियस, पुढे जेझुइट संघ स्थापणारा. फाबर लवकर वळला. फ्रान्सिस वळेना. सगळं जग मिळवलं आणि जीव गमावला तर काय लाभ, हे वचन तो त्याच छताखाली ऐकत राहिला. १५ ऑगस्ट १५३४ ला मोंमार्त्रच्या टेकडीवर सात जणांनी व्रत घेतलं, त्यांत तो होता. एवढ्या मोठ्या धर्मप्रचारकाचं स्वतःचं मन वळायला वर्षं लागली, याचा मला फार आधार वाटतो.

आणि याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, मागितलं. तेही मी जाणते, आणि ते मला सहन होत नाही. मला कोणी धाकाने वळवलं असतं तर लूकमधली ती नजर मला कधी दिसलीच नसती. सायबापुढे जाताना हे गाऱ्हाणंही माझ्याबरोबर होतं.

पर्वरीच्या उतारावर आईचा फोन आला. आई माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारी. माझ्या बाप्तिस्म्याला ती आली नव्हती. तेव्हापासून आमचं बोलणं औषधं आणि पाऊसपाणी एवढ्यावरच येऊन थांबलं होतं.

“पाय कसे आहेत?” तिने विचारलं.

मी दोऱ्याचं सांगितलं. “मग ठीक आहे,” ती म्हणाली. “ओढून काढू नकोस. दिवे घाट चढला की मलापण तेच करावं लागतं.”

खाली मांडवी दिसत होती, काका पुढून हाका मारत होते, आणि मी रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होते. संत ऑगस्टीनच्या आईवर प्रवचनं होतात. मोनिका वर्षानुवर्षं मुलासाठी रडली, ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये त्याचा बाप्तिस्मा झालेला तिने पाहिला. जिची मुलगी घरातून दुसऱ्या वाटेने गेली, त्या आईचं नाव कुठल्या प्रवचनात येत नाही. माझ्या बाप्तिस्म्याच्या रात्री माझी आई घरी काय करत होती, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

रायबंदरचा बांध, खारफुटी, मग जुना गोवा. सायबाचं शव जिथे ठेवलं आहे त्या बॉम जेझू चर्चच्या आवारात कन्फेशनला लांब रांग. मी राग सांगितला, ड्रायव्हरवरचा आणि सायबावरचाही. मिस्साबलिदान सुरू झालं, ख्रिस्तशरीर जिभेवर आलं तेव्हा मनात कोणतंही भांडण उरलं नव्हतं. बाहेर आल्यावर काकांना मी चहाची ती सकाळ सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझं असं कधी झालंच नाही गं,” आणि बाटली माझ्यापुढे केली.

संध्याकाळी मीच आईला फोन लावला.

“दर्शन झालं?”

“लांबून. पेटी उंचावर आहे.”

“आम्हालापण पुष्कळदा कळसच मिळतो.” मग ती जरा थांबली. “आषाढीला येतेस? सगळं नको. पुण्यापासून सासवडपर्यंत.”

“येईन. तुझी पिशवी घेईन. पण आई, मी टाळ धरणार नाही.”

“नको धरू,” ती म्हणाली. “पिशवी जड असते.”