नवशिक्यासाठी सेकंडहँड डी3400 : संच कुठवर आला

पहिल्यांदाच कॅमेरा हाती घेणाऱ्यासाठी हा संच जमवणं चालू आहे. नियम एकच ठेवला आहे : एखाद्या वस्तूवाचून फोटो बिघडतोय हे फाइलमध्ये दिसलं, तरच ती वस्तू घ्यायची. बॅग, फिल्टर, रिमोट, क्लीनिंग किट असं सगळं पहिल्याच दिवशी घेतलं की लेन्ससाठी पैसे उरत नाहीत, आणि फोटोत खरा फरक लेन्सच पाडते. आजवर बॉडी, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी), दोन कार्डं, 35 मिमी लेन्स, ट्रायपॉड आणि ब्लोअर एवढं झालं आहे. फ्लॅश बाकी आहे.

बॉडी

निकॉन डी3400 ठरला. मॉडेल 2016 चं, 24 मेगापिक्सेल, म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सेल. 300 डीपीआयला 20 बाय 13 इंची प्रिंट यातून आरामात निघते, त्यामुळे जास्त मेगापिक्सेलसाठी नवशिक्याने पैसे घालू नयेत. पाहायचा तो सेन्सरचा आकार. इथे तो 23.5 बाय 15.6 मिमी आहे. खिशातल्या साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यात बहुतेक वेळा 6.2 बाय 4.6 मिमीचा सेन्सर असतो. क्षेत्रफळात हा जवळपास तेरा पट फरक आहे आणि कमी उजेडात तो लगेच कळतो.

जुन्या मिररलेसचाही (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचाही) विचार झाला. सोनी ए6000 हा चांगला कॅमेरा आहे, पण एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीप्रमाणे स्क्रीनवर 360 फोटो, तर डी3400 मध्ये 1200. शिकणारा माणूस एकाच गोष्टीचे चाळीस फोटो काढतो आणि काढलेच पाहिजेत, म्हणून बॅटरीला झुकतं माप दिलं.

डी3400 मध्ये काय नाही हेही आधी माहीत हवं. बाहेरचा माइक जोडायला सॉकेट नाही, सेन्सर आपोआप झटकून साफ करायची सोय नाही आणि बॉडीत फोकस मोटर नाही. मुख्यतः व्हिडिओ करायचे असतील तर हा कॅमेरा घेऊ नका.

फोकस मोटर नसल्याचा फटका लेन्स निवडताना बसतो. स्वस्तात मिळते म्हणून स्वतःची मोटर नसलेली 50 मिमी एफ/1.8डी लेन्स घेतली की ऑटोफोकस चालत नाही. फोकस रिंग हाताने फिरवून व्ह्यूफाइंडरमधल्या, फोकस जुळला की पेटणाऱ्या हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवावा लागतो. त्यात लेन्सवरची अ‍ॅपर्चर रिंग उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या सर्वांत लहान मापावर, म्हणजे 22 वर लॉक केलेली नसेल तर स्क्रीनवर एफईई अशी एरर येते आणि शटरच पडत नाही. लेन्स बिघडलेली नसते, रिंग फिरवली की काम होतं. तरी नवशिक्याने नावात एएफ-एस किंवा एएफ-पी असलेलीच लेन्स घ्यावी, तिच्यात मोटर असते.

त्यातही एक खाच आहे. एएफ-पी लेन्स डी3200 किंवा त्याआधीच्या बॉडीवर फोकसच करत नाही, हातानेही नाही, कारण तिची रिंग विजेवर चालते. डी3300 ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं. बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेणाऱ्यांनी ही जोडी आधी जुळवून पाहावी.

घेण्याआधीची तपासणी

शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा पडलं, हा पहिला प्रश्न. कॅमेऱ्यातून थेट काढलेली जेपीईजी फाइल एक्झिफटूल या, फोटोतली माहिती (एक्झिफ) दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली की शटर काउंटचा आकडा दिसतो. मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोतली ही माहिती बहुतेक वेळा पुसलेली असते, म्हणून मूळ फाइलच मागायची. या बॉडीचं शटर एक लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. वीस-तीस हजार झालेले असतील तर बिनधास्त घ्या. सत्तर हजारांच्या पुढे असेल तर किंमत तशीच खाली हवी.

मग सेन्सर. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, एफ/22 (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), फोकस हाताने अनंतावर, आणि जवळून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो. शटर उघडं असताना कॅमेरा मुद्दाम थोडा हलवायचा, म्हणजे भिंतीचा पोत पुसला जातो आणि सेन्सरवरची धूळ तेवढी जागेवर राहते. कॉन्ट्रास्ट वाढवून 100 टक्क्यांवर पाहिलं की करडे, कडा विरघळलेले ठिपके दिसतात. या बॉडीत तीन निघाले, दोन वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ. धूळ फोटोत वरच्या डाव्या बाजूला दिसली, तर समोरून पाहताना ती सेन्सरच्या खालच्या डाव्या बाजूला असते. साफ करताना हे लक्षात नसेल तर माणूस भलतीच जागा साफ करत बसतो.

धुळीच्या ठिपक्यांवरून सौदा मोडू नका. ठिपका धारदार कडेचा असेल, किंवा ओरखड्यासारखी रेघ असेल आणि ब्लोअरनेही हलत नसेल, तर मात्र परत द्या.

लेन्समध्ये टॉर्च तिरपी मारून दुसऱ्या बाजूने पाहायचं. दोन-चार धूलिकण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी, आणि सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर ते काचेवर बसलेलं धुकं. दोन्ही नकोत.

किट लेन्सचा एक कोपरा

18-55 मिमी एएफ-पी लेन्सची चाचणी भिंतीवर वर्तमानपत्राची पानं चिकटवून झाली. ट्रायपॉड, ऑप्टिकल व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) मेनूतून बंद, आधी पूर्ण उघड्या छिद्रावर आणि मग एफ/8 वर. 18, 35 आणि 55 मिमीला एकेक जोडी. 18 ला उजवा खालचा कोपरा पुसट आला.

अशा वेळी लेन्सला दोष देण्याआधी कॅमेरा भिंतीला समांतर आहे का ते पाहावं लागतं. भिंतीवर छोटा आरसा सपाट टेकवायचा आणि व्ह्यूफाइंडरच्या मधोमध लेन्सचं स्वतःचं प्रतिबिंब येईपर्यंत कॅमेरा सरकवायचा. तरीही शंका राहिली तर कॅमेरा उलटा करून तोच फोटो. पुसटपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर लेन्सची काच सरकलेली. भिंतीवरच्या त्याच जागी राहिला तर मांडणी चुकलेली. इथे मांडणीच चुकली होती. ही दहा मिनिटांची चाचणी प्रत्येकाने करावी. चांगल्या लेन्सा उगाच परत जातात त्या याच गैरसमजातून.

व्ह्यूफाइंडर धूसर दिसतो ही तक्रारही बहुतेक वेळा खोटी ठरते. शेजारचा डायॉप्टरचा (डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवणीचा) छोटा दट्ट्या फिरवायचा, आणि तो समोरच्या दृश्याकडे बघून नव्हे, खालचे आकडे स्वच्छ दिसेपर्यंत.

कार्ड

दोन एसडी कार्डं, प्रत्येकी 32 जीबी, व्ही30. व्ही30 म्हणजे सेकंदाला किमान 30 एमबी लिहिण्याची हमी. त्याहून वेगवान कार्डाचा या बॉडीला उपयोग नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल साधारण 20 ते 25 एमबीची होते, म्हणजे एका कार्डावर हजाराहून जास्त. एकच मोठं कार्ड घेण्यापेक्षा दोन बरी, एक दगावलं तर अर्धं काम हाती राहतं. बनावट कार्ड कॅमेऱ्याला मोठी क्षमता दाखवतं आणि खरी जागा संपल्यावर पुढच्या फाइली गिळतं. म्हणून विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्स-मॅकवर एफ3 चालवून कार्ड पूर्ण भरून, वाचून पाहिलं. दोन्ही पास. फॉरमॅट नेहमी कॅमेऱ्यातच करायचं.

दुसरी लेन्स कोणती, हे फाइलींनीच सांगितलं

पहिल्या चारेकशे फोटोंची फोकल लेंथ एक्झिफमधून काढली. बरेचसे फोटो 30 ते 40 मिमीच्या पट्ट्यात होते आणि बिघडलेले जवळजवळ सगळे घरातले, संध्याकाळचे, 1/15 सेकंद शटर वेगाच्या आसपासचे. फोकस बरोबर होता, माणसं हलली होती. व्हीआर हाताची थरथर सांभाळतो, समोरच्या माणसाची हालचाल नाही. म्हणजे गरज मोठ्या छिद्राची होती.

35 मिमी एफ/1.8जी एएफ-एस डीएक्स घेतली. पूर्ण फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात ती 52.5 मिमी होते. किट लेन्स 35 ला जेमतेम एफ/4.5 उघडते, तिथून एफ/1.8 म्हणजे 2⅔ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). जिथे आयएसओ 3200 लागत होता तिथे तोच शटर वेग ठेवून 500 पुरला. किंवा आयएसओ तसाच ठेवला तर 1/15 ऐवजी साधारण 1/100.

बदल्यात सांभाळायचं ते फोकसला. एफ/1.8 वर जवळून चेहरा घेतला की जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा पुसट येतो. ऑटो एरिया (फोकसची जागा कॅमेराच निवडतो ती सोय) बंद करून एकच फोकस बिंदू डोळ्यावर ठेवायचा आणि सुरुवातीला एफ/2.8 वर राहायचं. फोकस झाल्यावर मान पुढेमागे हलली तरी फोटो गेला.

ट्रायपॉड

पहिला हलका ट्रायपॉड परत गेला. कारण पाय नव्हे, डोकं. चौकटीच्या मधोमध एक खूण धरून स्क्रू आवळला आणि हात सोडला की खूण खाली सरकायची. ही चाचणी झूम 55 वर करायची, 18 वर ती लपून जाते. दुसऱ्यात डोकं काढता येणारं आहे आणि कॅमेऱ्याखाली बसणारी प्लेट आर्का-स्विस या प्रचलित पद्धतीची, त्यामुळे पुढे डोकं बदललं तरी प्लेट तीच चालेल. वापरताना सर्वांत बारीक नळी शेवटी उघडायची, मधला दांडा खालीच ठेवायचा. रिमोट घेतला नाही. 5 सेकंदांचा सेल्फ टायमर तेच काम करतो.

साफसफाई आणि बाकी किरकोळ

रबरी ब्लोअर, मायक्रोफायबर कापड, एवढंच. तीन ठिपक्यांपैकी दोन ब्लोअरने गेले : बॅटरी पूर्ण भरून, मेनूतून मिरर वर लॉक करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून, आणि नळी माउंटच्या (लेन्स बसते त्या कडीच्या) आत न घालता. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा डाग ओल्या स्वॅबशिवाय निघत नाही. दाबाखालच्या हवेचा डबाही नको, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. तिसरा ठिपका एफ/11 पर्यंत दिसत नाही, म्हणून तो सध्या तसाच ठेवला आहे.

यूव्ही फिल्टर घेतला नाही. रात्रीच्या दिव्यांसमोर त्याच्यामुळे फ्रेममध्ये उलट्या दिव्यांची भुतं येतात. लेन्स हूड धक्काही झेलतो आणि आडवा उजेडही अडवतो.

फ्लॅश सध्या थांबवला आहे. अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद, याला एफच्या आकड्याने भागलं की पोच मिळते) 7 मीटर, म्हणजे आयएसओ 100 आणि एफ/4 ला पावणेदोन मीटरच्या पुढे उजेड पोचत नाही, हे खरं. पण खिडकीजवळ बसवलेल्या माणसाच्या अंधाऱ्या बाजूला हातभर अंतरावर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा केल्यावर सावली इतकी उघडली की पोर्ट्रेटसाठी निकड उरली नाही. पुढची पन्नास पोर्ट्रेट याच मांडणीत होतील. त्यातली रात्रीची किती पडतात, त्यावर छताकडे वळणाऱ्या डोक्याचा फ्लॅश घ्यायचा की नाही ते ठरेल.