पहिली वर्ल्ड क्रूझ: आधी दिवस मोजले, मग बंदरं

वर्ल्ड क्रूझचं माहितीपत्रक उघडलं की नजर पहिल्यांदा नकाशावर जाते. एका महासागरातून दुसऱ्यात जाणारी ठिपक्यांची रेघ, तिच्यावर बंदरांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात माणशी भाडं. जायचं ठरल्यावर मी बंदरांच्या नावांखाली रेघा मारत बसले होते. ताईनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि ज्या तारखांपुढे नुसतं ‘समुद्रात’ असं छापलं होतं, त्या सगळ्यांवर खुणा केल्या. जवळजवळ निम्मी सफर निघाली. ती म्हणाली, “अगं, पैसे बंदरांचे नाही, दिवसांचे भरायचेत.” पुढचं सगळं नियोजन आम्ही त्याच वाक्यावर केलं, आणि पहिल्यांदा निघणाऱ्या कुणालाही मी तेच सांगेन. जो काही खर्च असेल तो दिवसाच्या भावात मांडा.

प्रवाशांना घेऊन पृथ्वीला सलग फेरी मारणारं पहिलं जहाज म्हणून क्युनार्ड या जहाज कंपनीच्या ‘लॅकोनिया’चं नाव घेतात. नोव्हेंबर १९२२ मध्ये न्यूयॉर्कहून निघून ते सुमारे १३० दिवसांनी परतलं. शंभर वर्षांनंतरही बऱ्याच वर्ल्ड क्रूझ साधारण त्याच मापाच्या आहेत, १०० ते १३० दिवसांच्या. बहुतेक जानेवारीत निघतात, म्हणजे उत्तरेकडची थंडी मागे टाकून दक्षिण गोलार्धातला उन्हाळा गाठता येतो, आणि एप्रिल-मेपर्यंत परत येतात. अपवादही आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये मायामीहून निघालेलं ‘सेरेनेड ऑफ द सीज’ २७४ रात्रींच्या सफरीवर होतं. एवढा वेळ किंवा पैसा नसेल, तर अनेक कंपन्या पूर्ण सफरीचे तुकडे वेगळे विकतात. तीन-चार आठवड्यांचा एक तुकडा घेऊन आपल्याला समुद्र मानवतो का, हे बघता येतं. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो. आम्ही तो घेतला नाही, कारण ताईला पूर्ण वर्तुळच हवं होतं.

आता दिवसाचा भाव. उदाहरणाला ११० दिवसांची सफर आणि दोन माणसं धरा. कर्मचाऱ्यांची टिप माणशी, रोजच्या रोज खात्यात लागते. आठवड्याच्या सुट्टीत ती रक्कम जाणवतही नाही, इथे ती २२० वेळा लागते. वायफायचं तसंच, पेयांच्या पॅकेजचं तसंच. कपडे धुणं तर कुणी हिशेबातच धरत नाही, पण एवढ्या दिवसांत ते टळत नाही. काही जहाजांवर स्वतः वापरायची मशीन असतात, काहींवर प्रत्येक शर्टाचे पैसे पडतात. म्हणून नुसत्या भाड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. आम्ही प्रत्येक कंपनीसाठी भाडं, बंदरशुल्क, टिप, वायफाय, लाँड्री, पेयं, विमा, व्हिसा आणि घरापासून जहाजापर्यंतची विमानं अशी बेरीज केली आणि तिला दिवसांनी भागलं. सगळ्यात स्वस्त दिसणारं जहाज त्या यादीत चांगलंच खाली गेलं. पूर्ण फेरी करणाऱ्यांना कंपन्या बऱ्याचदा टिप, लाँड्री, सामान पोचवणं आणि खर्चायला काही ऑनबोर्ड क्रेडिट भाड्यातच देतात. त्या सवलती तुकडा घेणाऱ्याला सहसा मिळत नाहीत.

माहितीपत्रकातलं भाडं एका केबिनमध्ये दोघं राहतील असं धरून छापलेलं असतं. एकट्यानं जाणाऱ्याला सिंगल सप्लिमेंट पडतं आणि ते कधीकधी दुसऱ्या माणसाच्या पूर्ण भाड्याइतकं होतं. एकट्या प्रवाशांसाठी थोड्या केबिन राखून ठेवणारी जहाजं आहेत, पण त्या फार लवकर संपतात. एकटे जाणार असाल तर शोध तिथूनच सुरू करा.

केबिनवर आमची खूप चर्चा झाली. बाल्कनी, खिडकी की बिनखिडकीची आतली केबिन? निम्मे दिवस समुद्रात जाणार म्हटल्यावर बाल्कनीचा मोह होतो. आम्ही खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची खिडकीची केबिन घेतली. जहाज डोलतं तेव्हा मधल्या आणि खालच्या भागात ते सगळ्यात कमी जाणवतं, आणि ताईला बोट लागते. वाचलेले पैसे किनाऱ्यावरच्या फिरण्याच्या रकान्यात टाकले. मोकळी हवा हवी असेल तर डेक सगळ्यांसाठीच असतो. मात्र बुक करण्याआधी डेकचा नकाशा नीट बघा. नाचाच्या हॉलखाली किंवा स्वयंपाकघराला लागून असलेल्या केबिनमध्ये इतके महिने झोपायचं नसतं. कपाटं किती, खण किती, हेही विचारा. सूटकेस पलंगाखाली गेली की पुढचं सगळं आयुष्य त्या खणांमध्ये असतं.

पैसे भरण्याचं वेळापत्रक भाड्याइतकंच महत्त्वाचं आहे. वर्ल्ड क्रूझचं बुकिंग दीड-दोन वर्षं आधी उघडतं. सुरुवातीला डिपॉझिट, आणि निघण्याच्या काही महिने आधी उरलेली सगळी रक्कम. जसजशी तारीख जवळ येते तसतसं रद्द केल्यावर कापलं जाणारं प्रमाण वाढत जातं, आणि या सफरींसाठी त्या अटी लहान क्रूझपेक्षा कडक असू शकतात. भाडं डॉलर, पौंड किंवा युरोत असेल आणि आपली कमाई दुसऱ्या चलनात, तर या दीड वर्षात विनिमय दरानं किंमत बदलते. आम्ही दर महिन्याला थोडं थोडं परकी चलन बाजूला काढलं, शिवाय एकूण बेरजेच्या दहा टक्के राखीव ठेवली. कंपनी निवडताना जहाज तिच्या हातात आहे का, हे बघायला संकोचू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये तीन वर्षांची एक मोठी सफर निघण्याच्या तोंडावर रद्द झाली, कारण ठरलेलं जहाज विकतच घेता आलं नव्हतं. त्यासाठी घरदार आवरून बसलेली माणसं होती. आपले पैसे कोणत्या संरक्षणाखाली ठेवले जातात, हे लेखी मागा.

व्हिसाचा तक्ता हे या सगळ्यातलं सगळ्यात किचकट काम. जहाजच आपलं घर आहे, म्हणजे एका दिवसापुरतं उतरायला काही लागणार नाही, असा समज असतो. काही देशांत तो खरा ठरतो, पण ऑस्ट्रेलियात नाही. दुसरा गुंता मुदतीचा. काही व्हिसांची मुदत दिल्या दिवसापासून मोजली जाते; जानेवारीत निघताना काढलेला व्हिसा एप्रिलमध्ये त्या बंदरात पोचेपर्यंत संपू शकतो. तिसरा, एकाच प्रदेशात दोनदा शिरायचं असेल तर मल्टिपल एंट्री लागते. हे सगळं आपल्या पासपोर्टवर ठरतं. शेजारच्या केबिनमधल्या माणसाचं ऐकून उपयोग नाही. ताईनं बंदर, देश, तारीख, व्हिसा, अर्ज कधी, मुदत कधीपर्यंत असे रकाने केले होते. पासपोर्ट सफर संपल्यानंतरही किमान सहा महिने चालणारा असावा आणि त्यात कोरी पानं भरपूर असावीत. पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र काही देश मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते लागू होतं, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.

विम्याच्या बाबतीत मी आग्रहानं सांगेन की कागद शेवटपर्यंत वाचा. वर्षभराच्या पॉलिसीत एका प्रवासाला बऱ्याचदा तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवसांची मर्यादा असते. म्हणजे जहाज अर्ध्या वाटेवर असताना संरक्षण संपतं. पूर्ण सफर, आधीपासूनचे आजार आणि समुद्रातून हेलिकॉप्टरनं किंवा विमानानं हलवण्याचा खर्च, या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या हव्यात. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखानाही असतो, पण त्याचं बिल आपल्या खात्यावर लागतं. रोजची औषधं पूर्ण सफरीपुरती आणि वर आठवडाभराची न्यावी, मूळ पाकिटात, औषधाच्या रासायनिक नावानं लिहिलेल्या चिठ्ठीसकट. सर्दीच्या गोळ्यांमध्ये असतं ते स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर जपानमध्ये नेता येत नाही. अशी बंधनं देशागणिक वेगळी असतात.

एक बारीक दिसणारी गोष्ट, जिच्यावर आम्ही आठवडा घालवला, ती म्हणजे बँकेचा ओटीपी. भर समुद्रात साधं मोबाईल नेटवर्क नसतं. जहाजाचं स्वतःचं सागरी नेटवर्क असलं तरी त्याचे दर भयंकर असतात, म्हणून फोन विमान मोडवर ठेवून वायफाय वापरायचं. मग एसएमएसनं येणारा ओटीपी येत नाही. निघण्याआधी प्रत्येक बँकेत जाऊन अॅपवरून मंजुरी देण्याची सोय केली, बिलं आपोआप भरली जातील असं केलं, आणि रिकाम्या घराचा विमा किती दिवस चालतो ते विचारून घेतलं. घरी मागे राहणारा खर्चही दिवसाच्या भावात धरावाच लागतो.

आम्ही फ्लोरिडाहून पश्चिमेकडे निघालो. पनामा कालव्याच्या दिवशी पहाटेपासून डेकवर गर्दी होती. मी मात्र पहिल्या लॉकच्या, म्हणजे पाणी भरून जहाज वर उचलणाऱ्या कप्प्याच्या, वेळी मुद्दाम केबिनमध्ये थांबले. जुन्या लॉकची रुंदी ३३.५ मीटर, आणि त्यात मावणारी मोठी जहाजं ३२ मीटरहून थोडी जास्त रुंद. खिडकीबाहेर हात लांबवला असता तर लागेल इतक्या जवळ ओलं काँक्रीट होतं; त्यावर हिरवं शेवाळ, पाणी झिरपून पडलेले काळे ओघळ, जहाजांनी खरवडलेल्या खुणा. मग भिंत हळूहळू खाली सरकू लागली. खरं तर आम्ही वर चढत होतो, पण इंजिनाचा जोर नाही की धक्का नाही. वरच्या तळ्यातलं पाणी केवळ उतारानं खाली येतं आणि एवढं मोठं जहाज उचलतं; कुठलाही पंप लागत नाही. भिंतीची कड आली, मग रुळांवर उभं असलेलं, दोरखंडानं जहाज मधोमध धरून ठेवणारं विजेचं इंजिन, मग कामगारांचे बूट, आणि अखेर हिरवं गवत. गाटुन इथल्या लॉकच्या तीन पायऱ्या चढून जहाज समुद्रसपाटीच्या २६ मीटर वर तळ्यात गेलं. सुमारे ८० किलोमीटरचा तो प्रवास आठ-दहा तासांचा असतो. त्या दिवशी बंदर नव्हतं, सहल नव्हती, वरचा एक पैसा खर्च झाला नाही. अख्ख्या सफरीतला माझा सगळ्यात आवडता दिवस तोच.

पुढे पॅसिफिक. लॉस एंजेलिस ते होनोलुलू सुमारे २,२०० सागरी मैल, म्हणजे १८-१९ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) वेगानं पाच दिवस नुसतं पाणी. इथे कळतं की सफर आपल्याला मानवते की नाही. पश्चिमेकडे जाताना दर काही रात्रींनी घड्याळ एक तास मागे जातं आणि दिवस पंचवीस तासांचा होतो. ही चैन पूर्वेकडे जाणाऱ्यांना मिळत नाही. त्यांची झोप तासातासानं कापली जाते. मग १८० रेखांशापाशी आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक अख्खी तारीख नाहीशी होते. ताईच्या खर्चाच्या वहीत त्या तारखेचं पान कोरं आहे. औषधं ठरावीक तासांनी घेणाऱ्यांनी या बदलांबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

किनाऱ्यावरच्या फिरण्याचे पैसे सगळीकडे सारखे खर्च करू नयेत. जिथे जहाज शहराच्या मध्यातच लागतं, जसं सिडनीत, तिथे आम्ही चालत फिरलो. जिथे बघायचं ठिकाण बंदरापासून तासनतास दूर होतं, तिथे जहाजाचीच सहल घेतली. ती महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः गाडी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. काही ठिकाणी धक्का नसतो, लहान टेंडर बोटीतून उतरावं लागतं, आणि लाटा उंच असतील तर ते बंदर सोडून जहाज पुढे जातं. आमचंही एक बंदर असंच राहिलं. जहाजाच्या सहलीचे पैसे आपोआप परत आले, बाहेर भरलेला आगाऊ मात्र गेला. तेव्हापासून टेंडरच्या बंदरात आम्ही बाहेरचं काही आधी भरलं नाही.

मार्ग बदलण्याचा हक्क करारात कंपनीकडे असतो आणि तो कागदापुरता नसतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला. सुएझसाठी स्वप्न रंगवून बसलेल्यांना आफ्रिकेचा पश्चिम किनारा मिळाला, आणि समुद्रातले दिवस वाढले. आमचा मार्ग आधीपासूनच केपवरून होता. टेबल माउंटन पहाटे समुद्रातून वर येताना बघितल्यावर मला सुएझ राहिल्याचं काहीच वाटलं नाही.

उतरण्याच्या आदल्या रात्री सामान केबिनबाहेर ठेवावं लागतं आणि खात्याचा शेवटचा हिशेब येतो. तो रांगेत उभं राहून वादावादी करण्यापेक्षा दर आठवड्याला तपासत राहावा. आम्हाला दोनदा चुकून लागलेले पैसे तेवढ्यानंच परत मिळाले. न वापरलेलं ऑनबोर्ड क्रेडिट बऱ्याचदा रोख मिळत नाही, तेव्हा शेवटच्या आठवड्याआधी ते कशात तरी लावून टाका. परतीचं विमान त्या दिवशी दुपारनंतरचं, जमलं तर दुसऱ्या दिवशीचं घ्या. आणि जहाजावर सामानाला वजनाची फारशी अडचण नसली तरी विमानात असते, म्हणून जादा सामानाचा रकाना सुरुवातीच्या बेरजेतच धरा.