डाव्या हाताचा लेहरा

भाच्याच्या बारशाला कुणीतरी म्हणालं, "पियानो शिकलीयस न्हवं? वाजीव की कायतरी!" समोर कीबोर्ड मांडलेला, पण माझी नोटेशनची पुस्तकं घरी. पियानोच्या परीक्षेची आठवी ग्रेड पास झालेली मी "सर्दी झालीय" म्हणून उठले. सर्दीचा आणि पियानोचा काय संबंध, हे नशिबानं कुणी विचारलं नाही.

लाज जास्त वाटली ती आमच्या कोल्हापूरमुळं. थोर गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते ते इथेच. पेटीवाले गोविंदराव टेंबे इकडचेच. ज्या गावात गवई बंदिशीच्या दोन ओळींवर तासभर गातो, तिथं मी कागदाशिवाय मुकी. बरं, आमच्या पाश्चात्य संगीतातही ही आयत्या वेळी रचून वाजवायची विद्या होतीच की! १७४७ साली जर्मनीत पॉट्सडॅमला राजानं दिलेल्या सुरावटीवर संगीतकार बाखनं जागच्या जागी तीन आवाजांची फ्यूग वाजवली, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक तीन आवाजांत गुंफत नेली. मोझार्टच्या कन्चर्टोंत (वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनांत) कॅडेन्झासाठी, म्हणजे वादकाच्या एकट्याच्या वाजवण्यासाठी, जागा मोकळी असते, ती वादकानं आपल्या मनानं भरावी म्हणून. आम्ही तिथंही छापील कॅडेन्झा पाठ करतो.

आमच्या खालच्या मजल्यावर पेटीची साथ करणारे एक काका राहतात. त्यांना पियानोवर यमन राग ऐकवला. उजव्या हातात यमन, डाव्यात कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर. काका तोंड कडू करून म्हणाले, "यमन कुठं गेला गं ह्यात?" खरंच होतं. रागात षड्ज, म्हणजे सा, हलत नाही. माझी प्रत्येक कॉर्ड सुरांना नवं घर दाखवत होती. सुरावरून सुरावर घसरत जाणाऱ्या मींडेचं तर नावच नको. तो नाद सोडला.

वाट सापडली ती काकांच्या तबल्याच्या शिकवणीत. पोरं तबल्यावर कायदा-पलटे (ठरलेले बोल आणि त्यांचे फेरफार) वाजवत होती आणि काका पेटीवर तोच लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी तीच ती छोटी धून, अर्धा तास, न कंटाळता. मला एकदम चकोन हा जुना युरोपीय प्रकार आठवला. युरोपातही हेच करायचे: खर्जात एक ओळ फिरती ठेवायची आणि वर मोकळं सुटायचं. मग डाव्या हाताला ए, जी, एफ, ई असे चार उतरते स्वर दिले, प्रत्येकी चार मात्रा. सोळा मात्रांचं आवर्तन, ए वर सम, म्हणजे पहिली मात्रा.

उजव्या हाताला काकांनी तीनच स्वर दिले: ए, बी, सी. "ह्याच्या भाईर जायचं न्हाई." तीन दिवस जीव विटला. चौथ्या दिवशी कळलं की गप्प बसणं हाही पर्याय असतो, एकच स्वर अर्धी मात्रा उशिरा लावला तरी त्याचा चेहरा बदलतो. मग हळूहळू बाकीचे स्वर. ई च्या चार मात्रांवर जी शार्प लावला आणि तो स्वतःच मला समेकडं ओढत घेऊन गेला. हा सूर पुस्तकांतून शेकडो वेळा वाजवला होता. कशासाठी आहे ते त्या दिवशी समजलं.

सगळ्यात चिवट निघाली ती चुकलं की थांबून मागं जायची सवय. पंधरा वर्षं तेच केलेलं. काका खेकसायचे, "लेहरा थांबत नसतोय!" मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा चुका फारशा कळल्याही नाहीत, थांबले होते त्या जागा मात्र टोचल्या. वाकडा सूर लागला तर आता तोच पुन्हा लावते आणि शेजारच्या पट्टीवर उतरते. काळी पट्टी चुकून लागलीच, तर दोन्ही बाजूंना पांढरी असतेच. (पावसाळ्यात माझ्या जुन्या पियानोच्या पट्ट्या फुगून अडकतात. त्यावर काकांकडेही उपाय नाही.)

सहा महिने झाले. ए मायनरमध्ये दहाएक मिनिटं निभावते, त्यातली दोन बरी असतात. गेल्या महिन्यापासून काका पेटी घेऊन वर येतात. त्यांचा लेहरा काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्प. तिथं माझी बोटं अजून अडखळतात. सम हुकली की ते एक भुवई उडवतात आणि पुढं वाजवत राहतात.