तानपुरा घेऊन स्पीकर ऐकायला गेलो

मागच्या शनिवारी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या हाय-फायच्या दुकानात मी वडिलांचा तानपुरा घेऊन गेलो. मिरजेचा, मोठ्या भोपळ्याचा, काळी एकला लावलेला. रिक्षावाल्याने विचारलं, "काका, कार्यक्रम कुठे आहे?" कार्यक्रम नव्हता. तीन स्पीकरच्या जोड्या ऐकायच्या होत्या, आणि या वेळी घरून माप नेल्याशिवाय ऐकायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं.

त्याआधी एकदा जाऊन आलो होतो. दुकानातलंच संगीत वाजलं: ढोलाचे ठोके, गिटारच्या तारा. सगळं छान वाटलं. एक जोडी तर इतकी आवडली की मी मनातल्या मनात हिशोब मांडायला लागलो. सोबत लेक होती. तिने पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला सळसळता आवाज, लावून माझ्या खुर्चीशी आवाज मोजायचा मीटर धरला आणि म्हणाली, "बाबा, ही दोन डेसिबलने मोठी वाजतेय." आवाज सारखे केले आणि माझी पसंती विरघळली. जरा मोठं वाजलं की बास भरीव वाटतो, बारकावे पुढे येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मांडलेल्या आलेखांत याचं कारण आहे. कमी आवाजात आपल्या कानाला खालचे सूर अधिकच क्षीण लागतात.

म्हणून दुसऱ्या खेपेला सगळ्या जोड्या खुर्चीपाशी ७५ डेसिबलला आणल्या, आणि मगच तानपुरा काढला. दुकानातला भाऊ चांगला माणूस. त्याने गालिच्यावर जागा करून दिली, एसी बंद केला. मी पाच मिनिटं नुसता छेडत बसलो. मग याच तानपुऱ्याचं घरी पंखा बंद करून, माईक हातभर अंतरावर ठेवून केलेलं रेकॉर्डिंग वाजवलं. गिटार कशी वाजायला हवी ते मला ठाऊक नाही. हा तानपुरा मात्र मी पाळण्यापासून ऐकतोय.

तिन्ही जोड्या अ‍ॅक्टिव्ह होत्या. नेहमीच्या पॅसिव्ह स्पीकरमध्ये अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेला जाडजूड करंट कॉइल आणि कपॅसिटरमधून वाटला जातो: खालचे सूर वूफरला, वरचे ट्वीटरला. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही वाटणी आधीच, सिग्नल नाजूक असतानाच होते आणि मग वूफर, ट्वीटर अशा प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो. वूफर आणि त्याचा अ‍ॅम्प यांच्यामध्ये काहीच उरत नाही, त्यामुळे अ‍ॅम्पची वूफरवरची पकड पक्की राहते. सातपूरला मशिनच्या मेंटेनन्समध्ये माझी पंचवीस वर्षं गेली. एका मोटरवर पट्टे टाकून चार शाफ्ट फिरवणं आणि प्रत्येक शाफ्टला आपली मोटर देणं, यातला फरक मला हाताने कळतो.

पहिली जोडी एटीसीची एससीएम ४०ए. इंग्लंडची, जमिनीवर उभी राहणारी. आत डीएसपी, म्हणजे आवाजावरची डिजिटल प्रक्रिया, वगैरे काही नाही, सगळं अ‍ॅनालॉग. वूफरला १५० वॉट, मधल्या सुरांच्या ड्रायव्हरला ६०, ट्वीटरला ३२. या कंपनीची खरी ओळख म्हणजे मधला ७५ मिलिमीटरचा मऊ घुमट. ३८० हर्ट्झपासून साडेतीन हजारांपर्यंत तो एकटाच सांभाळतो, आणि जवारीचा, म्हणजे तारेच्या त्या झणझणत्या नादाचा, बहुतेक संसार याच पट्ट्यात असतो. घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की नाद उघडतो, तारेतून एकामागून एक स्वर वर येतात, गंधार आपोआप ऐकू येतो. एटीसीवर हा गंधार येताना ऐकला आणि मी डोळे मिटले. तानपुऱ्याच्या जोडाच्या दोन तारांमध्ये मी मुद्दाम किंचित फरक ठेवला होता. त्याचं संथ हेलकावणंसुद्धा वेगळं कळत होतं.

दुसरी केईएफची एलएस ६० वायरलेस. उंच, अंगाने जेमतेम तेरा सेंटीमीटर रुंद, दोन्ही कुशींना दोन-दोन वूफर पाठीला पाठ लावून बसवलेले, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. मी हात ठेवून पाहिला, खोकं थरथरत नव्हतं. घरच्यांना दिसायला हीच आवडेल, आणि फोनवरून थेट वाजते. वायरलेस म्हटलं तरी दोन्ही खांबांना विजेची वायर लागतेच, हे मात्र घर रंगवायच्या आधी लक्षात घ्या.

तिसरी जेनेलेकची ८३४१ए. हे फिनलंडमधल्या इसाल्मीचे लोक, १९७८ पासून स्टुडिओसाठी स्पीकर बनवतात. ही जोडी दुकानदाराने दोन दिवसांसाठी मुंबईहून मागवली होती. अ‍ॅल्युमिनियमची छोटी, गोलसर पेटी, खाली रबराचा पाय. समोरून एकच ड्रायव्हर दिसतो, कारण ट्वीटर मधल्याच्या पोटात आहे आणि दोन वूफर पुढच्या पत्र्याआड लपलेत. वरच्या-खालच्या फटींतून त्यांचा आवाज येतो. सगळे सूर एकाच बिंदूतून निघाल्यासारखे. मी उभा राहिलो, खाली बसलो, तरी जवारीचा रंग बदलला नाही.

मग डी. व्ही. पलुस्कर लावले. ते आपल्या नाशिकचेच, १९२१ चा जन्म, आणि १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. त्यांच्या जुन्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरवर एकच आवाज, एका बाजूला तीनेक मिनिटं. मोनोसारखी परीक्षा नाही. दोन्ही स्पीकर तंतोतंत सारखे असतील तरच आवाज बरोबर मधे उभा राहतो. जेनेलेकवर पलुस्कर दोन पेट्यांच्या मधोमध, माणसाच्या डोक्याएवढ्या जागेत होते; तबकडीची खरखरही तिथेच. एटीसीवर जागा थोडी मोठी, पण छातीतला आवाज जास्त जवळचा. मी तीनदा आलटून पालटून ऐकलं. चहा गार झाला.

तरीही मी त्या दिवशी पैसे दिले नाहीत, आणि कारण खर्ज. माझ्या तानपुऱ्याची खर्जाची पितळी तार ६९ हर्ट्झला वाजते. दुकानात ती तिन्हींवर शांत, गोल होती. आमच्या हॉलची लांबी सोळा फूट. ध्वनीचा वेग धरून गणित केलं तर त्या लांबीत ३५ आणि ७० हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. खर्ज जवळजवळ ७० वरच येऊन बसतो, आणि आमचा सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे घुमण्याच्या ऐन शिखरावर. आताच्या जुन्या स्पीकरवर खर्ज हंड्यात बोलल्यासारखा का येतो, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघांनी सोफा ओढला. भिंतीपासून दोन फुटांवर खर्ज ताळ्यावर आला. चार फुटांवर तो जवळजवळ गायब झाला, नुसता पंचम आणि जोड उरले. जेनेलेकसाठी खुर्चीशी माईक ठेवून खोली मापायची सोय मिळते, ती असली शिखरं कापून देते. पण जिथे खोलीच सूर खाऊन टाकते ते खड्डे ती भरू शकत नाही. तिथे जास्त ताकद ओतली तर तीही खोलीच गिळते. त्यामुळे सोफा दोन फुटांवरच राहणार. बायकोने मागच्या मोकळ्या जागेत तुळशीच्या दोन कुंड्या आणून ठेवल्यात.

दुकानातला भाऊ येत्या रविवारी जेनेलेक आणि एटीसी दोन्ही घरी आणतोय. लेकीने मीटरला नवे सेल घातलेत. मी तानपुऱ्याला नवा दोरा लावला, जवारी अजून थोडी बंद वाटतेय.