थेटफर्डची मातीची टेकडी

केंब्रिजहून गाडीनं थेटफर्डला उतरले, तेव्हा किल्ला म्हणजे बुरूज आणि दरवाजा हेच डोक्यात होतं. इथे एकही दगड रचलेला नाही. बागेतल्या हिरवळीवर एकदम बावीस मीटर उंच टेकडी उभी राहते, गवतानं झाकलेली. आणि ती सगळीच्या सगळी माणसांनी उभारलेली!

१०६६ मध्ये विल्यमच्या हाताखाली उत्तर फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकल्यावर नॉर्मनांना किल्ले हवे होते, तेही ताबडतोब. दगडी बांधकामाला वर्षं लागली असती. म्हणून गोल खंदक खणायचा, निघालेली माती आणि चुनखडी मधोमध टाकत जायची, माथ्यावर लाकडी बुरूज चढवायचा. थेटफर्डला तर त्यांनी लोहयुगातल्या जुन्या गढीचीच जागा धरली. उत्तरेकडे तिचे दुहेरी मातीचे तट अजून दिसतात. ११७३ मध्ये दुसऱ्या हेन्रीनं हा किल्ला पाडायला लावला. लाकूड गेलं, माती राहिली.

पायऱ्या चांगल्याच उभ्या आहेत, दोनदा थांबावं लागलं. एके ठिकाणी गवत झिजून आतली चुनखडी उघडी पडली होती. हात लावला तर बोटं खडूसारखी पांढरी झाली. यातली पाटी न् पाटी कुणीतरी डोक्यावर नाहीतर पाठीवर वाहून वर नेली असणार. नॉर्मन सरदारांची नावं इतिहासात आहेत, माती वाहणाऱ्यांचं एकही नाव नाही. मला तिथे बसून त्यांचाच विचार करावासा वाटला.

माथ्यावरून गाव दिसतं. याच गावात १७३७ मध्ये राजेशाहीविरुद्ध लिहिणारा लेखक थॉमस पेन जन्मला. पुढे त्यानं लिहिलं, की हत्यारबंद लुटारू घेऊन उतरलेला आणि इथल्या लोकांच्या मर्जीविरुद्ध राजा झालेला तो विल्यम, त्याच्यापासून सुरू झालेल्या राजघराण्यात पवित्र ते काय? लहानपणी तो या टेकडीवर चढलाच असेल असं मला मनापासून वाटतं. त्याच पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक पुण्यात तरुण जोतीरावांनी वाचलं.

उतरल्यावर आधी पेनच्या सोनेरी पुतळ्याकडे गेले. एका हातात लेखणी, दुसऱ्यात तेच पुस्तक. माझ्या बोटांना अजून चुनखडी लागलेली होती.